शटर अर्ध्या सेकंदावर

दिवसभर मी मेडिकलमध्ये हाडांचे फोटो काढतो.
श्वास रोखा. सोडा. पुढचा.
रात्री जेवून, ट्रायपॉड खांद्यावर टाकून
बर्डीला जातो, मोरभवनसमोरच्या फुटपाथवर,
जिथे मेट्रोचा खांब डिसेंबरातला वारा थोडा अडवतो.

बायको म्हणते, लोक ताडोब्याला जातात, वाघ काढतात,
तुमचं काय हे, सिटी बस!
वाघाचं कसं, दिसला तर दिसला.
पारडीची बस येतेच.
वीस मिनिटं उशिरा, पण येते.

एकदा पोलिसाने हटकलं,
काय करून राहिले भाऊ इथं?
बसचा फोटो काढून राहिलो.
अपघात झाला का?
नाही.
मग काऊन?
त्या 'काऊन'ला चार वर्षं झाली,
उत्तर अजून दिलेलं नाही.

पाटीचं एक त्रांगडं आहे.
दिव्यांची पाटी सलग पेटत नसते,
डोळ्याला कळू न देता लुकलुकते.
शटर जलद ठेवलं तर बस ठसठशीत येते,
चाकाचे नट मोजून घ्या,
पण हिंगण्याचा 'हिं' जातो,
कामठीची नुसती वेलांटी उरते.
शटर सावकाश केलं की पाटी अख्खी वाचता येते
आणि बस राहत नाही,
एक लाल ओघळ, झाशी राणी चौकापर्यंत.

दोन्ही मिळतात ते फक्त दहा पन्नासला.
शेवटची खेप. पाटी लागलेली, बस उभी,
इंजिन घुरघुरतंय,
कंडक्टर मागच्या सीटवर चिल्लर मोजतोय,
दहाची थप्पी, पाचची थप्पी, मांडीवर.
अर्धा सेकंद पुरतो.
थरथर येतेच, खिडकीच्या कडा दुहेरी होतात.

अशा एका कंडक्टरचे माझ्याकडे एकतीस फोटो आहेत.
नाव माहीत नव्हतं.
तो कधी वर बघायचा नाही.
डावा खांदा बोटभर खाली,
पिशवी काढून ठेवलेली असली तरी.

मागच्या मंगळवारी चिठ्ठी आली:
भोजराज निनावे, वय एक्कावन्न, डावा खांदा.
शर्ट काढून तो पाठमोरा झाला
आणि मी ओळखलं.
सरळ उभे राहा.
सरळच आहो साहेब.
श्वास रोखा, म्हटलं,
आणि बटण दाबायचं राहूनच गेलं.
सोडू का, त्याने भिंतीला विचारलं.

पडद्यावर सांधा आला, झिजलेला,
पट्ट्याची बावीस वर्षं हाडात उतरलेली.
ते सांगणं माझं काम नाही, डॉक्टरचं.
मी मोबाईल काढला. एकतिसातला सर्वांत चांगला दाखवला,
पाटी अख्खी, माणूस अख्खा, थप्प्यासुद्धा मोजता येतील.

त्याने स्वतःकडे पाहिलंच नाही.
ही एकवीस सतरा, म्हणाला,
हिचं मागचं दार लागत नव्हतं, सुतळीनं बांधत होतो.
भंगारात गेली बिचारी.
मग फोटो मोठा करून पाटी वाचली: खापरखेडा.
हसला.
बिघडली होती हो पाटी. आठ दिवस तेच दाखवे.
आम्ही पारडीलेच गेलो.

आणि लोक?
लोक मले विचारून बसतात.
पाटी कोण वाचते?

त्या रात्री मी गेलो नाही. बुधवारी गेलो.
दहा पन्नासला नवी बस लागली, बॅटरीवरची,
घुरघुर नाही, खिडकीची कड एकेरी, वस्तऱ्यासारखी.
कॅमेरा लावला. पाटी स्वच्छ होती.
रस्ता ओलांडून दाराशी गेलो
आणि विचारलं, कुठं चालली?
कंडक्टर पोरगी चिल्लर मोजत होती.
वर न बघता म्हणाली,
बसा तर आधी.